गुण चांगले, पण हात चालत नाही: मरीन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण बी. टेक. मरीन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात. थर्मोडायनॅमिक्स आणि मेकॅनिक्समध्ये गुण चांगले पडतात, पण वर्कशॉपमध्ये हात चालत नाही. लॅबची जर्नल वर्गातले बहुतेक जण वरच्या वर्गाकडून घेऊन उतरवतात. त्यात सुटीवर आलेले सीनियर सांगतात की कॉलेजातले जहाजावर काहीच लागत नाही, जे शिकायचे ते तिथल्या सहा महिन्यांतच शिकायचे. मग उरलेल्या काळात लक्ष कशावर द्यावे आणि पहिल्या जहाजावर जाताना बरोबर काय न्यावे, हे आपण विचारले आहे. मी बावीस वर्षे जहाजांवर काढली, त्यांतली शेवटची नऊ चीफ इंजिनियर म्हणून, आणि गेली काही वर्षे किनाऱ्यावर शिकवतो. त्या अनुभवाच्या आधाराने लिहितो.

आपले सीनियर खोटे बोलत नाहीत. पहिल्या महिन्यात त्यांना जे विचारले गेले ते खरोखरच पुस्तकात नव्हते. समुद्राच्या पाण्याचा दुसरा पंप चालू करायचा तर आधी कोणता व्हॉल्व्ह उघडायचा, बिल्जमधले, म्हणजे इंजिन रूमच्या तळाशी साचणारे, पाणी कुठल्या टाकीत जाते, रात्री अलार्म वाजला तर तो कुठल्या पॅनेलवर बंद करायचा, हे सगळे त्या त्या जहाजाचे ज्ञान आहे आणि ते त्या जहाजावरच मिळते. परंतु त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला अर्धवट वाटतो. ‘कॉलेजातले काय लागते’ असा प्रश्न विचारला की उत्तर नेहमीच निराशाजनक येते, कारण वर्गातली गोष्ट जशीच्या तशी इंजिन रूममध्ये कधीच समोर येत नाही. तिचे रूपांतर करावे लागते, आणि ते कसे करायचे हे कुठल्याही वेळापत्रकात शिकवले जात नाही. आपली खरी अडचण तीच आहे, असे मी समजतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करतो. आपल्या कॉलेजातल्या लॅबमधली यंत्रे चालू आहेत की नुसती रंग देऊन ठेवलेली आहेत, यावर बरेच ठरते. पुण्याजवळ इंदुरीला असलेल्या तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी आवारातच जहाजाच्या इंजिन रूमची उभारणी केलेली आहे, तर काही संस्थांत सगळी भिस्त सिम्युलेटरवर असते. आपल्याला एखाद्या कंपनीने आधीच प्रायोजित केले असेल तर कोणत्या प्रकारच्या जहाजावर जाणार हे साधारण कळते. नसेल तर पहिले जहाज मिळेपर्यंत बराच काळ थांबावे लागू शकते आणि त्या काळात हात व डोके दोन्ही गंजतात. मेकॅनिकलची पदवी घेऊन जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग) या कमी मुदतीच्या अभ्यासक्रमाला आलेल्यांचे गणित निराळे असते, कारण त्यांना वेळच कमी मिळतो. आपल्याकडे वेळ आहे, म्हणून पुढचे सर्व चार वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्याला धरून लिहितो. सेवाकाळ आणि परीक्षा यांचे नियम डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाच्या) परिपत्रकांनी अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या बाबतीत माझ्यासारख्याच्या आठवणीवर विसंबू नका, ताजे परिपत्रक पाहा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपण ज्या कामाचे शिक्षण घेत आहात ते काम म्हणजे वॉच सांभाळणे, म्हणजेच ठरलेल्या तासांच्या पाळीत चालू यंत्रांवर लक्ष ठेवणे. एसटीसीडब्ल्यू हा दर्यावर्दींचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि वॉचकीपिंग यांबद्दलचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्यातल्या २०१० च्या मनिला दुरुस्त्या वाचल्या, तर वॉचकीपिंग इंजिनियरसाठी किमान बारा महिन्यांचे वर्कशॉप प्रशिक्षण व समुद्रसेवा एकत्रित मागितलेली दिसते, आणि त्यातले निदान सहा महिने चीफ इंजिनियरच्या किंवा पात्र अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली इंजिन रूमचा वॉच करण्यात गेले पाहिजेत, अशी अट दिसते. म्हणजे करार करणाऱ्यांनीही वर्कशॉप आणि जहाज यांना एकाच हिशेबात धरले आहे. वॉच सांभाळणाऱ्या माणसाकडून अपेक्षा एवढीच असते की यंत्र नेहमीसारखे चालत असताना ते कसे चालते हे त्याला ठाऊक असावे, त्यात फरक पडला तर तो अलार्म वाजण्याआधी त्याच्या लक्षात यावा, आणि फरक का पडला असेल याच्या दोन-तीन शक्यता त्याला सुचाव्यात. वर्ग, लॅब, वर्कशॉप आणि जहाज या चारही ठिकाणी मी हीच एक कसोटी लावतो. ही कसोटी मला कशी सापडली ते सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे.

माझे पहिले जहाज जुने बल्क कॅरियर होते. परीक्षेत प्युरिफायरवरचा, म्हणजे वेगाने फिरवून तेलातले पाणी आणि गाळ वेगळे करणाऱ्या यंत्रावरचा, प्रश्न मी आकृतीसह उत्तम लिहिला होता. तेल-पाण्याची सीमा ठरवणारी ग्रॅव्हिटी डिस्क कशी निवडतात, तेलाला पाण्याच्या वाटेने जाऊ न देणारा पाण्याचा थर म्हणजे वॉटर सील का लागते, तेल आणि पाणी यांच्यातली सीमारेषा बाहेर सरकली तर काय होते, हे सर्व मला पाठ होते. जहाजावर तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी फोर्थ इंजिनियरच्या हाताखाली वॉचला होतो. हेवी ऑइलचा प्युरिफायर व्यवस्थित फिरत होता, आवाज नेहमीचा होता, अलार्म नव्हता. मी लॉगबुकात तापमान लिहिले ८४ अंश, आणि पुढे गेलो. गुहागरकडचे एक मोटरमन (इंजिन रूममधले खलाशी) काका होते, शाळा सातवीपर्यंत झालेली, बोटीवर पंचवीस वर्षे झालेली. ज्युनियर इंजिनियरला जहाजावर ‘पाच साब’ म्हणतात. ते मला हाक मारून म्हणाले, “पाच साब, ह्या काचंत बघा. ह्ये पानी नाय, तेल हाय.” प्युरिफायरच्या पाण्याच्या निकासावर छोटी पाहणीची काच होती आणि तिच्यातून काळे तेल वाहत होते. शुद्ध होऊन सेटलिंग टाकीतून सर्व्हिस टाकीत जायला हवे ते तेल आम्ही स्लज टाकीत, म्हणजे गाळाच्या टाकीत, ओतत होतो, आणि त्या टाकीची पातळी गेले दोन तास वाढत होती. ती पातळीही मीच मोजून लिहिली होती.

कारण साधे होते. तेल ९८ अंशांच्या आसपास तापवून प्युरिफायरमध्ये सोडायचे असते. हीटर आतून चिकटून मळल्यामुळे ते ८४ वर आले होते. थंड तेलाची घनता जास्त असते, त्यामुळे सीमारेषा बाहेर सरकली, वॉटर सील तुटले आणि तेल पाण्याच्या वाटेने निघाले. कमी तापमानाच्या अलार्मची मर्यादा कुणीतरी केव्हातरी खाली आणून ठेवली होती, म्हणून तो वाजला नाही. हे सगळे मला येत होते, उत्तरपत्रिकेत दहापैकी आठ गुण मिळवून देण्याइतके येत होते. पण ८४ हा आकडा लिहिताना तो उत्तरपत्रिकेतल्या त्या आकृतीचाच भाग आहे, असे मला सुचले नाही. काकांना ग्रॅव्हिटी डिस्कचे गणित येत नव्हते, मात्र त्या काचेत नेहमी काय दिसते हे ठाऊक होते. फोर्थने दोन मिनिटांत प्युरिफायर थांबवला, आणि मला चहा पिऊन यायला सांगितले. रागावला असता तर बरे वाटले असते.

या प्रसंगातून ‘अनुभव मोठा, पुस्तक छोटे’ असा अर्थ माझ्या जागी दुसऱ्या कुणी काढला असता. मी तो काढत नाही. काकांनी दोष पाहिला. पण दोष हीटरमध्ये आहे, डिस्क बदलून उपयोग नाही, हे ठरवायला घनता आणि तापमान यांचा संबंध समजलेला माणूसच लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही हीटर उघडला तेव्हा नळ्यांवर डांबरासारखा थर होता, तो साफ केल्यावर तापमान परत वर आले. म्हणून आपल्या सीनियरांच्या म्हणण्यात मी इतकीच दुरुस्ती करीन की वर्गातले जहाजावर लागते, पण ते आकड्याच्या, आवाजाच्या किंवा वासाच्या रूपात येते आणि ओळख पटवून देत नाही.

त्यामुळे वर्गातल्या विषयांबद्दल माझा सल्ला असा की प्रत्येक धड्याच्या शेवटी समासात स्वतःच्या हाताने एक ओळ लिहा: हे बिघडले तर मला बाहेरून काय दिसेल. हीट एक्स्चेंजरचे समीकरण सोडवले, तर नळ्या आतून मळल्यावर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तापमानांतला फरक कोणत्या दिशेने बदलेल, ते लिहा. समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारा फ्रेश वॉटर जनरेटर शिकलात, तर निर्वात कमी झाला की पाणी कोणत्या तापमानाला उकळेल आणि दिवसाकाठी मिळणाऱ्या टनांवर काय परिणाम होईल, ते लिहा. थर्मोडायनॅमिक्स आपले चांगले आहे, ते असेच पुढे न्या. इलेक्ट्रिकलकडे मात्र बहुतेक मरीनचे विद्यार्थी सावत्र नजरेने पाहतात, आणि पुढे जहाजावर मोटरचा स्टार्टर उघडल्यावर त्यांना घाम फुटतो, म्हणून त्या विषयाला ठरवून जास्त वेळ द्या. नेव्हल आर्किटेक्चर परीक्षेपुरते केले तरी सुरुवातीला भागते, पुढच्या परीक्षांसाठी ते पुन्हा काढावे लागतेच. आणि आकृत्या हाताने काढण्याची सवय आत्ताच लावा. वॉचकीपिंग इंजिनियर होण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या एमईओ क्लास फोरच्या तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणून बसलेले सर्व्हेयर पुष्कळदा कोरा कागद पुढे सरकवून ‘काढून दाखवा’ एवढेच म्हणतात.

लॅबच्या बाबतीत मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण उतरवलेल्या जर्नलचा उल्लेख आपण स्वतःहून केला आहे. मीही एके काळी उतरवले आहे, त्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार मर्यादित आहे. पण उतरवलेल्या जर्नलमध्ये एक विशेष गोष्ट असते: तिच्यातला प्रत्येक आकडा बरोबर असतो. खऱ्या प्रयोगात तसे कधी होत नाही. तेलाचा दाटपणा (व्हिस्कॉसिटी) मोजणाऱ्या रेडवुड व्हिस्कोमीटरमधून ५० घनसेंटिमीटर तेल गळायला किती सेकंद लागतात हे मोजताना भांड्याचे तापमान एक-दोन अंशांनी हलते, घड्याळ थांबवायला उशीर होतो, आणि तीन वेळा केले तर तीन उत्तरे येतात. त्या तीन उत्तरांतला फरक हाच त्या प्रयोगाचा लाभ आहे. किती फरक मोजणाऱ्याच्या हाताचा आणि किती तेलाचा, हे ज्याने एकदा अनुभवले, तो पुढे जहाजावर एका गेजवर विश्वास ठेवून निर्णय घेत नाही. तो शेजारचा दुसरा गेज पाहतो.

हाच व्हिस्कॉसिटीचा प्रयोग जहाजावर कुठे भेटतो ते पाहा. ५० अंशांना ३८० सेंटिस्टोक (व्हिस्कॉसिटीचे एकक) असणारे हेवी ऑइल इंजेक्टरपाशी साधारण १० ते १५ सेंटिस्टोकवर आणावे लागते, आणि त्यासाठी ते १३० अंशांच्या वर तापवावे लागते. पूर्वी वर्षानुवर्षे तेच तेल येत असल्याने तापमानाचा आकडा लोकांना पाठ असे. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ०.५० टक्के झाली आणि कमी गंधकाची जी इंधने आली त्यांची व्हिस्कॉसिटी एका बंदरात एक आणि दुसऱ्या बंदरात दुसरी निघू लागली. पाठ केलेला आकडा त्यांना चालत नाही. ज्याच्या डोक्यात व्हिस्कॉसिटी व तापमान यांचा आलेख स्वतः बिंदू मांडून काढलेला आहे, तो बंकरच्या, म्हणजे जहाजात भरलेल्या इंधनाच्या, पावतीवरचा आकडा पाहून किती तापवायचे याचा अंदाज बांधू शकतो. म्हणून जर्नल उतरवायचीच वेळ आली तर निदान स्वतः घेतलेली कच्ची निरीक्षणे वेगळ्या वहीत खाडाखोडीसह ठेवा. गुण त्या वहीला मिळणार नाहीत, पण जहाजावर न्यायला तीच कामाची.

दोन अल्टरनेटर समांतर जोडण्याचा प्रयोग आपल्याकडे असेल तर तो रांगेत मागे उभे राहून पाहू नका, पुढे जाऊन स्वतःच्या हाताने करा. दोन मशीनांचा मेळ दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरायला हवा, म्हणजे नव्याने घ्यायचे मशीन किंचित जलद आहे असे समजायचे, आणि काटा बारावर पोहोचण्याच्या किंचित आधी ब्रेकर द्यायचा, म्हणजे मशीन जोडायचे. काटा उलटा फिरत असताना ब्रेकर दिला तर ते मशीन वीज देण्याऐवजी घेऊ लागते आणि रिव्हर्स पॉवरने ट्रिप होते, म्हणजे आपोआप सुटते. हे वाक्य वाचायला दहा सेकंद लागतात. पण काटा वर येत असताना बोट बटणावर ठेवून थांबणे, घाई न करणे, आणि वेग जमत नसेल तर आणखी एक फेरा जाऊ देणे, हे अंगात मुरायला वेळ लागतो. बंदरात शिरताना पायलट (बंदरातली वाट दाखवणारा अधिकारी) जहाजावर असताना जनरेटर घ्यायची पहिली वेळ आली, की लॅबमधले ते चार प्रयत्न आठवतात. माझ्या एका विद्यार्थ्याने नंतर कळवले की त्याचा हात थरथरत होता, पण काटा कुठे पाहायचा हे त्याला माहीत होते.

वर्कशॉपमध्ये हात चालत नाही, हे आपण लिहिले आहे, आणि त्याची आपल्याला वाटते तितकी चिंता मला वाटत नाही. कानस धरायला लागल्यावर पहिले दोन महिने सर्वांचाच लोखंडी तुकडा मधे फुगीर होतो, कारण कानस पुढे ढकलताना दोन्ही हातांचा दाब सारखा न राहता झोक्यासारखा वरखाली होतो. गुण्याने तपासले की प्रकाशाची फट दोन्ही कडांना दिसते. मग खडूने रंगवून उंच जागा शोधा, तेवढीच घासा, पुन्हा तपासा. त्या तुकड्याचा पुढे कुणालाच उपयोग नसतो, जहाजावर चौकोन घासत कुणी बसत नाही. पण ‘थोडे घास, तपास, पुन्हा घास’ ही चाल मात्र व्हॉल्व्ह लॅप करताना, बेअरिंगचा क्लिअरन्स फीलर गेजने घेताना, पंपाच्या शाफ्टचे अलाइनमेंट पाहताना जशीच्या तशी लागते. लेथवर आपण रमला नाहीत तर हरकत नाही. जहाजावर फिटर असतो आणि तो आपल्यापेक्षा चांगले काम करतो. वेल्डिंग निदान इतके शिका की दुसऱ्याने केलेले वेल्ड चांगले की वाईट हे ओळखता येईल. पाना मात्र स्वतःच्या हाताने फिरवलाच पाहिजे. एक सेंट्रिफ्यूगल पंप आणि एक छोटा कॉम्प्रेसर पूर्ण उघडून, सुटे भाग कापडावर क्रमाने मांडून, परत जोडून चालवण्याची संधी कॉलेजात कुठेही मिळत असेल तर ती दोनदा घ्या. पहिल्या वेळी जोडून झाल्यावर एखादा वॉशर उरतोच.

शक्य असल्यास शिक्षकांच्या मागे लागून एखाद्या ड्राय डॉकची भेट ठरवा. मुंबईच्या इंदिरा गोदीतला ह्यूजेस ड्राय डॉक १९१४ पासून आहे. कोरड्या डॉकमध्ये उभे असलेले जहाज खालून पाहिले की समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या सी चेस्टच्या जाळ्या, झिंकचे अ‍ॅनोड, प्रोपेलर आणि सुकाणू यांचे खरे आकार डोळ्यांत बसतात. इंजिन रूममध्ये उभे राहून जो पाइप हुलमध्ये (जहाजाच्या बाहेरच्या कवचात) नाहीसा होतो तो बाहेर कुठे निघतो, हे नंतर कल्पनेने कळत नाही. मला ते कळायला तिसरे जहाज उजाडले.

जहाजाकडे वळण्यापूर्वी आतापर्यंतचे आटोपशीर सांगतो: वर्गात कारण शिका, लॅबमध्ये त्या कारणाचा आकडा आणि आकड्यातली चूक पाहा, वर्कशॉपमध्ये हाताला सावकाशपणा शिकवा. जहाजावर या तिन्हींची गाठ पडते, आणि ती पडण्याचे काम पहिल्या दोन महिन्यांत पाइपलाइनी शोधत फिरताना होते.

हे काम कसे करायचे ते नीट सांगतो. तयार नकाशे कंट्रोल रूममध्ये असतात, त्यांवर अवलंबून राहू नका, ते नंतर ताडून पाहायला ठेवा. समुद्राच्या पाण्यापासून सुरुवात करा. सी चेस्टजवळ जाऊन टॉर्च घेऊन वाकून बसा, पहिला व्हॉल्व्ह शोधा, मग स्ट्रेनर, मग पंप, मग कूलर, मग पाणी समुद्रात परत जाते ते ओव्हरबोर्ड. प्लेटा उचलून बिल्जमध्ये उतरावे लागेल, बॉयलरसूट तेलकट होईल. प्रत्येक व्हॉल्व्हची जागा शेजारच्या एखाद्या ठळक वस्तूच्या संदर्भाने वहीत मांडा. पाइपांवर रंग असतात, समुद्राच्या पाण्याला हिरवा, गोड्या पाण्याला निळा, इंधनाला तपकिरी, आगीच्या लाइनला लाल अशी पद्धत प्रचलित आहे. पण जुन्या जहाजावर एखाद्या बोसनने (डेकवरच्या खलाशांच्या प्रमुखाने) उरलेला रंग मारून ठेवलेला असू शकतो, म्हणून रंगावर विश्वास ठेवण्याआधी हात फिरवत शेवटापर्यंत जा. समुद्राच्या पाण्यानंतर गोडे पाणी, ल्युब ऑइल, इंधन, हवा, वाफ, बिल्ज आणि बॅलास्ट. दर आठवड्याला एक किंवा दोन लाइनी झाल्या तरी दोन-अडीच महिन्यांत आपल्या हाताने काढलेला जहाजाचा नकाशा तयार होतो. मग रात्री दोन वाजता पाइप फुटला तर कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा हे विचारायला धावावे लागत नाही.

ट्रेनिंग अँड असेसमेंट रेकॉर्ड बुक, ज्याला सगळे टार बुक म्हणतात, ते साइन-ऑफच्या, म्हणजे जहाज सोडण्याच्या, आठवड्यात एका बैठकीत भरून घेण्याची वाईट चाल आहे. ते करू नका. काम झाले त्याच दिवशी लिहा, आणि सही घेताना त्या अधिकाऱ्याला निदान एक प्रश्न विचारा. आपण प्रश्न विचारता हे कळले की सेकंड इंजिनियर आपल्याला कामावर घेऊन जाऊ लागतो; नाही तर चिंध्या गोळा करण्यात आणि रंग मारण्यात कॉन्ट्रॅक्ट संपते. मात्र प्रश्नाची वेळ ओळखा. मॅन्युव्हरिंग चालू असताना, म्हणजे जहाज बंदरात आत-बाहेर नेत असताना, किंवा कुणाचा हात यंत्राच्या आत असताना विचारलेल्या प्रश्नाला मिळायचे ते उत्तर मिळते.

वॉचमध्ये फेरी मारताना गेज वाचण्याआधी एक मिनिट नुसते उभे राहा. इंजिन रूममध्ये उकाडा ४० अंशांच्या वर जातो, कानांवर इअर मफ असतात, तरी पायाखालच्या प्लेटची थरथर, हवेतला वास आणि पंपाच्या केसिंगची ऊब कळते. बेअरिंग हाउसिंगला हात लावायचाच झाला तर फिरत्या भागापासून दूर राहून हाताची मागची बाजू लावा, ही गोष्टही मला त्याच गुहागरच्या काकांनी शिकवली. मग लॉगबुक लिहा, आणि लिहिताना मागच्या तीन वॉचचे आकडे त्याच रकान्यात वरपर्यंत वाचा. एका आकड्याला अर्थ नसतो. चार आकडे एकाखाली एक आले की ते चढताहेत की उतरताहेत ते दिसते. माझ्या त्या रात्रीच्या पानावर मागच्या तीन वॉचची तापमाने ९५, ९१ आणि ८८ होती. नजर वर गेली असती तर काकांना हाक मारावी लागली नसती.

सुरक्षिततेचे दोन विषय असे आहेत की त्यांत ‘करून पाहू’ हा मार्ग नाही. बंद टाकीत किंवा दुसऱ्या कुठल्याही बंद जागेत परवाना आणि वायूची तपासणी झाल्याशिवाय कधीही उतरू नका, आत पडलेल्या माणसाला वाचवायला म्हणूनसुद्धा नाही. आत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या जवळ आहे हे मीटरने दाखवले पाहिजे. दुसरे, इंजिनाच्या खालच्या बंद भागात, म्हणजे क्रँककेसमध्ये, ऑइल मिस्टचा (तेलाच्या धुक्याचा) अलार्म आला आणि इंजिन थांबवले, तर थंड होण्यासाठी ठरवून दिलेला वेळ, निदान वीस-तीस मिनिटे, जाईपर्यंत क्रँककेसचे दार उघडायचे नाही. गरम जागेला ताजी हवा मिळाली तर स्फोट होतो. हे पुस्तकात आहे, वर्गात शिकवतात, परीक्षेत विचारतात, आणि तरीही माणसे त्याच दोन कारणांनी जातात.

प्रायोजकत्व नसेल आणि कुणी एजंट जहाज मिळवून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर त्याच्याकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना (खलाशी भरतीचा परवाना) आहे का हे त्यांच्या संकेतस्थळावर आधी पाहा. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे नियमबाह्य आहे. आपण विचारले नव्हते, पण कोकणातल्या आणि नवी मुंबईतल्या इतक्या मुलांचे आईबाप यात बुडालेले पाहिले आहेत की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता बरोबर काय न्यावे. जाड पुठ्ठ्याच्या दोन वह्या, एक इंजिन रूममध्ये नेऊन मळवायची आणि एक केबिनमध्ये स्वच्छ उतरवायची. खिशात मावणारा चांगला टॉर्च, जहाजावरच्या टॉर्चवर भरवसा ठेवू नये. कॉलेजातली कच्च्या निरीक्षणांची ती वही. पाठ्यपुस्तके फोनमध्ये किंवा लॅपटॉपवर असली तरी पुरे, कारण यंत्रांची मॅन्युअल जहाजावर असतात आणि वाचायची तीच. चष्मा असेल तर दुसरी जोडी न विसरता घ्या, समुद्रात चष्मेवाला भेटत नाही. आणि सेफ्टी शूज कंपनीकडून आधी मिळाले तर ते घालून आठवडाभर घरातल्या घरात चाला. नवे बूट घालून पहिल्याच दिवशी इंजिन रूमचे जिने चढउतार केले की टाचांना फोड येतात आणि दुसऱ्या दिवशी बिल्जमध्ये उतरायचे असते.